घरचे येसर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



या मेळाव्यात आम्हांस दरवर्षी उभे केले जाते ते मुलांच्या शिक्षणावर चार शब्द बोलण्यासाठी. मॅट्रिकची परीक्षा, तीवर अध्यापनाचे प्रशिक्षण आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून सदतीस वर्षांची नोकरी, एवढीच आमची शिदोरी. ती आम्ही आपल्यापुढे इतक्या वेळा सोडली आहे की मागच्या रांगेतील मंडळींस आमचे पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते. म्हणून यंदा चिटणीसांनी दूरध्वनीवरून विषय विचारला तेव्हा आम्ही ‘येसर’ असे सांगितले. त्यांस ‘केसर’ असे ऐकू आले व निमंत्रणपत्रिकेत तसेच छापले गेले. परंड्याकडील दोन बंधू आज सकाळीच आम्हांस आंब्याच्या कलमांचा दर विचारून गेले. त्यांची निराशा होणार आहे. तिची क्षमा प्रारंभीच मागतो.

धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा या भागांत वाढलेल्यांस येसर म्हणजे काय हे सांगणे नलगे. परंतु हे भाषण पुढे स्मरणिकेत छापले जाईल आणि आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्यामुंबईसच जन्मली व वाढली, त्यांच्यासाठी सांगतो. गहू, हरभऱ्याची डाळ, थोडी उडदाची डाळ ही धान्ये कोरडी भाजावयाची, धणे, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल हा मसाला निराळा भाजावयाचा, आणि सर्व एकत्र दळून ठेवावयाचे. हे पीठ पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीवर सोडले की दाट, खमंग आमटी तयार होते. आपल्याकडील लग्नाच्या पंगतीत येसराच्या आमटीवाचून पान पुरे होत नसे. कोणी येसवार म्हणतात, कोणी येसूर. संस्कृतात मसाल्यास वेसवार असा शब्द आहे. त्याच्याशी या शब्दाचे नाते कोणासही सहज दिसेल.

आता, एवढ्याशा वस्तूवर भाषण कशासाठी? पाककलेची स्पर्धा आपल्या मंडळात भगिनींच्या कार्यक्रमात दुपारी असते व त्या वेळी बंधुवर्ग सभागृहाबाहेर पान खात उभा असतो, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्हीही त्यांतच उभे असू. परंतु येसर हे केवळ खाण्याचे नव्हे, देण्याचेही आहे. त्या देण्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही चौदा वर्षांचे होतो. वडील व आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. तेथे सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिला सारे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना चिरे आणि खाताना घशाखाली उतरत नसे. डाळ तर दिसतच नव्हती. अशा एका संध्याकाळी पलीकडच्या आळीतील एक बाई पदराखाली झाकून एक वाटी घेऊन आली व ती आईच्या हाती देऊन उंबऱ्यावरूनच परत गेली. वाटीत येसर होते. मागल्या वर्षीचे असावे, वास थोडा उतरलेला होता. आईने त्याची पाण्यासारखी पातळ आमटी केली, आणि ती वाटी आठ दिवस पुरविली. त्या आठ दिवसांत मिलोची भाकरी आम्ही मुलांनी तक्रार न करता खाल्ली. १९७३ चा पावसाळा बरा झाला. सुगीनंतर आईने ती वाटी जोंधळ्याने भरून परत केली. रिकामी वाटी परत करावयाची नाही, हा रिवाज. मधल्या सव्वा वर्षात ती वाटी आमच्या फळीवर पालथी होती आणि तिला दुसऱ्या कामास हात लावण्याची आम्हां मुलांस छाती नव्हती.

आमचा विवाह १९८० साली झाला. मुलांची आई (आम्ही त्यांचा उल्लेख असाच करीत आलो, आता बदलावयाचे कारण नाही) माहेराहून येसर करण्याची विद्या घेऊन आल्या. फाल्गुन संपता संपता, ऊन कडक झाले की अंगणात धान्य वाळत पडे. दोन दिवस घर धुराने भरे. पूर्वी जात्यावर दळण होई, पुढे गिरणी आली. येसर दळले की पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठास वास लागतो म्हणून गिरणीवाला दिवस मावळताना या म्हणे, आणि त्या अंधार पडेपर्यंत गिरणीच्या ओट्यावर बसून असत. या सर्व कार्यात आमचे साहाय्य म्हणजे मिरच्या भाजताना लागणारा ठसका. तो आम्ही ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसून मोठ्याने देत असू, जेणेकरून आत कळावे की कोणास तरी त्रास होत आहे.

किलोभर येसर घरी राही, उरलेले वाटले जाई. लेकीकडे एक डबा, आमच्या दोन्ही बहिणींकडे एकेक, बदली होऊन गेलेल्या शाळेतील शिपायाच्या घरी एक, बाळंतपणात मदत केलेल्या परिचारिकेस एक. काही डबे एस. टी. च्या वाहकाजवळ देऊन पुढच्या थांब्यावर कोणीतरी उतरवून घेई. बेचाळीस वर्षांत एकही डबा हरवला नाही. ही कोणास द्यावयाच्या नावांची यादी कोठे लिहिलेली नव्हती. ती त्यांच्या डोक्यात होती आणि प्रमाण त्यांच्या हातात होते. आम्ही शाळेत हजेरीपत्रक, दाखलखारीज, पोषण आहाराची नोंदवही, सगळे लिहून ठेविले. घरातील हे लिहावे असे आम्हांस कधी सुचले नाही.

२०२२ मध्ये त्या गेल्या. फळीवर येसराचे दोन डबे होते, ते वर्षभर पुरले. त्यानंतर चैत्र आला आणि गेला. चिंचवडला असलेली आमची थोरली लेक दरवर्षी आधी आठवण करी, त्या वर्षी तिने विषय काढला नाही. आम्ही बाजारातून दोन पुड्या आणून तिला पाठविल्या. तिचा दूरध्वनी आला, “अण्णा, चव चांगली आहे. पण हे कुणाचं तरी आहे.” एवढेच बोलून तिने प्रकृतीची चौकशी केली. आम्हांस त्या रात्री झोप लागली नाही, हे सभेत सांगावयाचे नव्हे, पण सांगतो.

पुढे थोरलीच्या मुलीचे, म्हणजे आमच्या नातीचे लग्न २०२५ च्या वैशाखात ठरले. आपल्याकडे मुलीबरोबर येसर आणि मेतकूट देण्याची चाल आहे. नव्या घरी पहिल्या दिवसांत काही सुचले नाही तर मेतकूट-भात आणि येसराची आमटी यांवर दोन वेळा निभावून जाव्यात, असा त्यामागचा जुना, व्यवहारी विचार असावा. रुखवताच्या यादीत कोणीतरी ‘येसर - विकत’ असे लिहिले होते. आम्ही तो शब्द खोडून ‘घरचे’ असे लिहिले. सारे आमच्याकडे पाहू लागले, कारण घरात आता ते करणारे कोणी नव्हते.

आमच्या थोरल्या वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. काचबिंदूने दृष्टी गेली आहे. त्यांनी व मुलांच्या आईने कित्येक वर्षे एका चुलीवर येसर केले. आम्ही त्यांस घरी आणले, शेगडीजवळ पाट मांडला व म्हणालो, “तुम्ही सांगा, आम्ही करतो.” वहिनी बराच वेळ हसत राहिल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, “भावजी, आदी हात धुवा.”

भाजणे म्हणजे कढईत धान्य टाकून हलविणे, अशी आमची समजूत होती. वस्तुतः प्रत्येक जिन्नसाची वेळ निराळी. गहू फुलून तडतडेपर्यंत थांबावे लागते. हरभऱ्याची डाळ मोठ्या आचेवर वरून लाल होते आणि पोटात कच्ची राहते. ती कच्ची राहिली तर आमटीस उग्र वास येतो. धण्यास चटका पुरतो. जिरे तर कढई खाली उतरविल्यावर तिच्या उरलेल्या धगीवरच भाजावे. म्हणून सर्व एकत्र भाजणे हा आळस नव्हे, नाश होय. वहिनींस दिसत नाही, पण वासावरून त्या आम्हांस थांबवीत. “इस्तू कमी करा, डाळ करपाय लागली,” असे त्या म्हणत तेव्हा आमच्या डोळ्यांस डाळ पिवळीच दिसत असे, आणि क्षणभराने ती लाल होई. सदतीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून आम्ही समजत होतो की शिकविणे आम्हांस येते.

प्रमाणाची अडचण मोठी होती. वहिनी सर्व मापे चिपटे, कोळवे, निळवे अशी सांगत. तरुण मंडळींसाठी सांगतो : दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांस किलोग्रॅम घोकून घेतले, आणि आमच्याच माजघरात लोखंडी चिपटे राज्य करीत होते. तेच चिपटे माळ्यावरून काढले, घासले, किराणा दुकानातील काट्यावर नेले व एकेक जिन्नस भरून तोलला. गहू १९५ ग्रॅम भरला, हरभऱ्याची डाळ २००, आणि धणे फुगीर असल्याने अवघे ८५. आमच्या घरचे प्रमाण असे निघाले : गहू दोन चिपटी, हरभऱ्याची डाळ दोन चिपटी, उडदाची डाळ एक कोळवे, धणे एक चिपटे, जिरे एक निळवे. म्हणजे एकंदर किलोभर. घरोघर यांत फरक असतो. कोठे बाजरी घालतात, कोठे तांदूळ. कोणाचे खरे या वादात आम्ही पडत नाही.

मसाल्याच्या जिन्नसांपाशी चिपटेही संपले. तेथे माप होते मुठीचे. वहिनी म्हणाल्या, मूठभर दगडफूल. आम्ही मूठ भरली. वहिनींनी आमची मूठ चाचपून पाहिली व म्हणाल्या, “ही तिची मूठ नव्हं.” खरेच आहे. आमच्या मुठीत त्यांच्या दीड मुठी सहज बसतील. तो प्रश्न तसाच ठेवून आम्ही अंदाजाने पहिला घाणा उरकला.

तो घाणा वाया गेला. लवंग जास्त झाली ही एक गोष्ट. दुसरी याहून लाजिरवाणी. गिरणीतून पीठ आणले ते कोमट होते. उत्साहाच्या भरात आम्ही ते लगेच डब्यात दाबून भरले व झाकण लाविले. पंधरा दिवसांनी उघडून पाहतो तो कडेने गुठळ्या, आणि त्यांवर बुरशीची बारीक पांढरी लव. कारण उघड आहे. गरम पिठातील वाफ झाकणाखाली थंड होऊन तिचे पाणी झाले व ते पिठातच उतरले. थंड पेल्याच्या बाहेरील थेंब दाखवून हाच पाठ आम्ही किती वर्गांस शिकविला असेल, त्याची गणती नाही. बुरशी वरवर काढून बाकीचे वापरू, असा मोह झाला होता; पण दिसते तेवढीच बुरशी नसते, तिचा अंश आतही पसरलेला असतो. सारे उकिरड्यात टाकले.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते उपयोगाचे आहे. आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नोकरीस आहे. त्या वर्षी संक्रांतीस तो गावी आला तेव्हा त्याने आम्हांस काचेची एक बाटली आणून दिली. त्याच्या शेजारची एक वृद्ध बाई नाताळात आळीतील प्रत्येक घरी स्वतः केलेला बार्बेक्यू सॉस भेट देते. त्यातील ती बाटली. तेथे मांस मंद आचेवर तासन्‌तास भाजतात व त्यास हा रस चोपडतात. टोमॅटो, शिरका, काकवी, मोहरी, तिखट यांचा आटवून केलेला तो रस काकवीसारखाच दाट होता. आम्ही तो ज्वारीच्या भाकरीशी लावून पाहिला. गोड, आंबट आणि धुरकट. वाईट मुळीच नव्हता. विद्यार्थ्याने सांगितले की तेथेही प्रांतोप्रांती याची तऱ्हा निराळी : कॅन्सस सिटीकडे गोड आणि दाट, तर उत्तर कॅरोलायनाच्या पूर्वभागात टोमॅटोचे नाव नाही, नुसता शिरका व तिखट. आणि प्रत्येकजण आपलाच खरा मानतो. आम्हांस कळंब आणि उमरग्याच्या येसराची आठवण झाली.

अंगारावर भाजलेले मांस ही गोष्ट आपल्या मुलखासही नवी नाही. उमरग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात असलेल्या कल्याणीस चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. इ. स. ११२९ च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात निखाऱ्यांवर भाजलेल्या मसालेदार मांसाचा प्रकार आहे, त्यास भडित्रक म्हटले आहे. त्या मसाल्यात मिरची मात्र असणे शक्य नव्हते. मिरची आणि टोमॅटो ही दोन्ही अमेरिका खंडांतील. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यास लागली. तेव्हा त्या बाईच्या बाटलीतील तिखट आणि आमच्या डब्यातील तिखट हे एका माहेरचे, हे पाहून आम्हांस गंमत वाटली.

असो. सांगावयाचे ते निराळेच. त्या बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. तीवर त्या बाईच्या कापऱ्या अक्षरात, केव्हा केले ती तारीख, उघडल्यावर थंड जागी ठेवावे ही सूचना, आणि मागील बाजूस कशाशी व कसे खावे हे लिहिलेले होते. त्यांचा रस टिकतो तो शिरक्याच्या आंबटपणामुळे, आपले येसर टिकते ते कोरडेपणामुळे. पण दोन्ही अनंतकाळ टिकत नाहीत, हे त्या बाईने लिहून ठेविले होते. आपल्याकडे हे सांगितले जाई ते तोंडी.

दुसऱ्या घाण्याच्या वेळी आम्ही थोरल्या लेकीस चिंचवडहून बोलावून घेतले. वहिनींनी तिचा हात हातात घेतला, बोटे चाचपली आणि म्हणाल्या, “हा चालंल.” तिने दगडफुलाची मूठ भरली. आम्ही ती काट्यावर तोलली : ६ ग्रॅम. मिऱ्यांची चिमूट तिने भरली, आम्ही तोलली. लवंगेची भरली, तोलली. दालचिनीचे तुकडे तिने बोटांच्या मापाने मोडले, आम्ही तोलले. मिरे १० ग्रॅम, लवंग ५, दालचिनी ५. खोलीत कोणी फारसे बोलत नव्हते. शाळेच्या जुन्या वहीत आम्ही आकडे लिहीत होतो आणि वहिनी मध्येच विचारीत, “लिवलं का?”

या खेपेस पीठ गिरणीतून आणून परातीत पसरले, वर पातळ फडके घातले व रात्रभर निवू दिले. सकाळी काचेच्या कोरड्या बरण्यांत भरले. लग्नात रुखवताच्या मांडणीत लोकरीचा बंगला आणि काचेचे हंस यांच्या मधोमध आमची येसराची व मेतकुटाची बरणी ठेवली होती. तिच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर तारीख होती. पाहुण्यांपैकी फारसे कोणी तिकडे पाहिले नाही. आम्ही मात्र दोनदा जाऊन पाहून आलो.

येथे आमच्या भाषणाचा शेवट गोड झाला असता. परंतु महिन्याभराने नातीचा दूरध्वनी आला. तिचे सासर ठाण्याचे, घराणे मूळचे कोकणातले. सासूबाईंनी बरणी उघडली, वास घेतला, आणि ही थालिपिठाची भाजणी आहे असे समजून त्याची थालिपिठे लाविली. “छान झाली होती, आजोबा,” नात म्हणाली, “पण सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.” नातीस स्वतःस आमटी कशी करावी ते ठाऊक नव्हते. तिने आजीच्या हातची खाल्ली होती, करताना पाहिली नव्हती. म्हणजे आमची लेक जशी माहेरची चव घेऊन गेली तशीच नात गेली, आणि दोन्ही वेळा चवीबरोबर विद्या गेली नाही. त्या अमेरिकेतील बाईच्या चिठ्ठीच्या मागे काय लिहिले होते ते आम्ही वाचले होते, आपल्यास सांगितलेही. आणि आमच्या चिठ्ठीची मागील बाजू आम्ही कोरी ठेवली होती.

तेव्हा आता ते येथेच सांगतो. चार माणसांस येसर तीन मोठे चमचे. ते प्रथम पेलाभर गार पाण्यात कालवावे. उकळत्या पाण्यात कोरडे टाकले तर पिठाच्या गुठळ्या होतात व त्या मग कशानेही मोडत नाहीत. तेलात मोहरी, जिरे व ठेचलेला लसूण यांची फोडणी करावी, लसूण तांबूस झाला की काळे तिखट घालून लगेच कालवलेले येसर ओतावे. तिखट तेलात रेंगाळले तर जळते. वर आणखी चार पेले पाणी, मीठ, चिंचेचा कोळ, आवडत असल्यास गुळाचा खडा. मंद आचेवर तवंग वर येईपर्यंत उकळावे. आमटी निवताना आळून येते, म्हणून उतरविताना थोडी पातळच ठेवावी.

आमचे काही मित्र म्हणतील, मास्तर, बाजारात मिळते ते कशास करीत बसावे? आम्ही बाजाराचे वैरी नव्हे. आपल्या जिल्ह्यात कितीतरी बचतगटांच्या भगिनी येसर, काळे तिखट, शेवया करून विकतात व त्यांवर मुलांच्या शाळेचा खर्च चालवितात. त्यांचे जरूर घ्यावे. बायकांनी पुन्हा जात्यावर बसावे असेही आमचे म्हणणे नाही. मुलांच्या आईची मनगटे पावसाळ्यात दुखत, ते आम्ही पाहिले आहे. आमचे म्हणणे आम्हां पुरुषांपुरते आहे. बेचाळीस वर्षे खाल्ले, एक दिवस विचारले नाही. विचारण्यास फार तर एक वही आणि एक काटा लागतो.

शेजारच्या लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चांगली गोष्ट झाली. मातीचा गुण कागदावर आला. एका घरातील मुठीचे माप मात्र कोणत्याही कचेरीत नोंदविले जात नाही. ते नोंदविण्याची एक जागा आम्हांस दिसते, ती म्हणजे ही स्मरणिका. हिच्यात देणगीदारांची छायाचित्रे येतात, गुणवंत विद्यार्थ्यांची नावे येतात, वधूवरांच्या याद्या येतात. पुढील वर्षीपासून चार पाने राखून ठेवावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे मांडीत आहोत. प्रत्येक घराने आपल्याकडील एक जिन्नस, ग्रॅममध्ये प्रमाण देऊन, वेळ आणि आच लिहून पाठवावा. येसर असो, मेतकूट असो, काळे तिखट असो, लोणचे असो. करणाऱ्या माउलीचे नाव प्रथम छापावे, पाठविणाऱ्याचे नंतर. आणि ती हयात असतानाच पाठवावे. वहिनींनी या सूचनेस आपला पाठिंबा कळविला आहे. त्यांचे म्हणणे एवढेच की आकडे त्यांस एकदा वाचून दाखवावेत, मास्तरांचा भरवसा नाही.

दाराशी टोपलीत ऐंशी पुड्या ठेविल्या आहेत. मागील आठवड्यात केलेले येसर आहे, एका घरास एक पुडी घ्यावी. आत १०० ग्रॅम आहे, चार माणसांच्या तीन वेळच्या आमटीस पुरेल. पुडीवर तारीख आहे आणि या खेपेस मागील बाजूही लिहिलेली आहे. घरी गेल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत काढावे, ओला चमचा घालू नये, तीन महिन्यांत संपवावे. परंड्याच्या त्या दोन बंधूंनी कृपा करून दोन-दोन पुड्या न्याव्या.